प्लास्टर हाताला, रजा बोटांना नाही

गोविंदा पथकातल्या पोरापोरींनो, थर कोसळला की आधी डोकं, मान, पाठ बघायची, हे तुम्हाला पाठ आहे. पण आपटलेला पंजा ‘मुका मार असेल’ म्हणून चार दिवस अंगावर काढता, ते सोडा.

अंगठी आधी काढा. कडं, दोरेही काढा. सूज चढली की अंगठी कापावीच लागते. हात छातीच्या वर धरून परळला केईएम गाठा. चोळून घेऊ नका. सरकलेलं हाड आणखी सरकतं.

डॉक्टरांसमोर मूठ हळूहळू मिटा. चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाकडे वळायला हवीत. एखादं शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड पिळलंय. एक्स-रेत हे सहज दिसत नाही, म्हणून तुम्हीच दाखवा.

बोटं मोकळी ठेवली म्हणून ‘अर्धंच प्लास्टर केलं’ अशी कुरकुर नको. पंजाच्या किंवा बोटाच्या मुळाच्या हाडाला मनगट जरा मागे, मुळाचे सांधे सत्तर-नव्वद अंशांत वाकवलेले आणि पुढची पेरं मोकळी, असं प्लास्टर घालतात. ते सांधे सरळ राहिले तर बाजूचे बंध आखडतात आणि मूठ मिटेनाशी होते. पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं, मग कितीही जोर लावा. उलट बोटं हलवली की वरची शीर ताणली जाऊन मोडलेलं हाड जागेवर दाबून धरते. मात्र सांध्यात गेलेलं, जखमेतून उघडं पडलेलं किंवा जागेवर न ठरणारं हाड असेल, तर तार घालावी लागते. तिथे हट्ट चालत नाही.

शेजारच्या बोटाला बांधलं असेल, तर मध्ये गॉज हवाच. नाहीतर घामाने कातडी कुजते. डॉक्टरांनी सांगितलेली हालचाल टाळू नका: पेरं वाकवा, सरळ करा, दिवसभर थोडी थोडी. दुखतं म्हणून थांबलात की सांधा धरलाच.

ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं तर कंटाळा करू नका. ही विद्या शिकवणारी देशातली पहिली शाळा कमला निंबकरांनी 1950 साली केईएममध्येच सुरू केली. आपल्या दारातलीच गोष्ट आहे.

बोटं निळी, गार, बधिर पडली किंवा ठणका वाढतच गेला, तर तारखेची वाट न बघता रात्रीसुद्धा जा. खाज सुटली तरी आत पट्टी-सुई खुपसू नका.

आता हिशेब करा. गोपाळकाल्यानंतर दहाएक दिवसांत गणपती, आणखी दहा दिवसांनी अनंत चतुर्दशी. हाड मागतं तीन ते चार आठवडे, आणि जोर लावायला त्याहून जास्त. तेव्हा यंदा ढोल नाही, पाट उचलणं नाही. विसर्जनाच्या दोरीला हात लावायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मंडळाचे अध्यक्ष नाहीत.