जुनी फियाट, नवे स्पीकर आणि मराठी व्यंजने

मोटारगाडीत स्पीकर बसविण्याचा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. अशा विषयावर विज्ञान शाखेच्या मित्रांनी लिहावे आणि आम्ही मराठीच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानेश्वरी नि नाट्यसंगीत सांभाळावे, असा एक अलिखित करार आपल्याकडे आहे. परंतु या विषयाचे एक टोक भाषाशास्त्राच्या तासाला शिकविल्या जाणाऱ्या व्यंजनविचारात अडकलेले आहे, असे मला गेल्या वर्षी आढळले. म्हणून हा उद्योग.

माझ्या आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, 1983 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आम्ही सारे तिला फियाटच म्हणतो, आणि ते फारसे चुकीचेही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून हीच गाडी 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने निघत होती. पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळाले. 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढे अखंड बाक. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली, आणि मग वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्यांची गोष्ट निराळी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घेतली, तर त्या चालविता येतात. आबांची गाडी अशीच कल्याणच्या परिवहन कार्यालयातून दोन-तीनदा नवे आयुष्य घेऊन आलेली आहे.

या गाडीत 1990 च्या दशकातला एक कॅसेट-रेडिओ आहे. एफ. एम. लागतो, कॅसेट वाजते. मात्र त्याला जोडलेला स्पीकर त्याहून जुना, कागदी शंकूचा, लंबगोल आणि एकच. तो डॅशबोर्डखाली एका लोखंडी पट्टीला टांगलेला होता. रेडिओला डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या होत्या, पण उजवीच्या तारेला चिकटपट्टी गुंडाळून ती कोणीतरी वर खोचून ठेवली होती. म्हणजे ध्वनिमुद्रणात जे वाद्य उजव्या बाजूला असेल, ते आमच्या घरात कोणी कित्येक वर्षे धड ऐकलेच नव्हते!

आबांचे वय आता ब्याऐंशी आहे. कानाला यंत्र आहे, पण गाडीत बसले की ते यंत्र काढून खिशात ठेवतात, कारण खिडकीतून येणारा वारा त्यात घोंघावतो. बातम्या लागल्या की पूर्वी ते विचारीत, ‘अगं, साठ म्हणाला की आठ?’ पुढेपुढे त्यांनी विचारणे सोडून दिले. नंतर तर मामा म्हणाला, ‘चला आबा, शिळफाट्यापर्यंत चक्कर मारू’, तरी ‘तुम्ही जा’ असे उत्तर येऊ लागले. मामाने त्याचा अर्थ असा काढला, की आबांचा गाडीतला जीव उडाला आणि आता ती काढून टाकायला हरकत नाही. मला मात्र ती साठ आणि आठची गोष्ट सोडवत नव्हती.

कारण ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक आहे तो फक्त एका ‘स’चा. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर स्वर हे भाषेतले बलदंड लोक. त्यांची बहुतेक शक्ती अडीच हजार हर्ट्झच्या खाली असते. ‘स’चा फूत्कार मात्र दुबळा, आणि त्याची वस्ती चार हजार हर्ट्झच्या वर. ‘श’ थोडा खाली राहतो, ‘च’, ‘छ’ त्याच्याच शेजारी. मराठीत तर आणखी एक बारकावा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला अक्षरे तीच, पण एक ‘ज’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चेही तसेच. हा भेद कानाला कळतो तो मुख्यतः या वरच्या पट्टीतल्या घर्षणामुळे. आणि वाढत्या वयात माणसाची श्रवणशक्ती कमी होऊ लागते ती नेमकी वरच्या पट्टीपासून. म्हणून वृद्ध माणसे म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ त्यावर आपण ओरडून बोलतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने जवळजवळ आहेत तिथेच राहतात.

आता त्या लंबगोल स्पीकरकडे पाहा. तो ज्या काळी बनला, त्या काळी गाडीत मध्यम लहरी ऐकू येत. मध्यम लहरींच्या केंद्रांमधले अंतर 9 किलोहर्ट्झ ठेवलेले असल्याने त्यांवरचा आवाज साधारण साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास संपतो. एफ. एम. वर मात्र पंधरा हजारांपर्यंतचा आवाज पाठविला जातो. ‘स’ केंद्रावरून निघत होता, रेडिओपर्यंत पोहोचत होता, आणि त्या दमट हवेने ढिल्या पडलेल्या कागदी शंकूत येऊन मरत होता. त्यापुढे आबांचे कान.

तेव्हा स्पीकर बदलायचे ठरले. ठाण्यातल्या एका दुकानात आम्हांला ‘दोनशे वॉट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेला खोका दाखविण्यात आला, आणि वर ‘मागे एक बास-ट्यूब टाका, गाडी हादरेल’ असा सल्लाही मिळाला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला हादरणाऱ्या गाडीचा काय उपयोग, हे विचारण्याचे धैर्य मामाला झाले नाही. पण वॉटांचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे, आणि तो आपल्यालाही जमतो.

इंजिन चालू असताना गाडीतला विजेचा दाब सुमारे 14.4 व्होल्ट असतो. आमच्यासारख्या जुन्या, साध्या रेडिओत आवाजाची लाट या दाबाच्या मध्यावर वरखाली होते. म्हणजे एका बाजूला फार तर 7.2 व्होल्ट. त्याला दोनाच्या वर्गमूळाने भागले की सुमारे 5.1 उरतात. त्यांचा वर्ग करून स्पीकरच्या 4 ओहमने भागा: साडेसहा वॉट. प्रत्यक्षात थोडे कमीच. जो रेडिओ सहा वॉट देतो, त्याला दोनशे वॉट सोसणारा स्पीकर जोडणे म्हणजे पेलाभर पाण्यासाठी विहीर बांधणे होय. खोक्यावरचा वॉटांचा आकडा स्पीकर किती सोसेल ते सांगतो. तो किती वाजेल ते सांगत नाही.

ते सांगणारा आकडा त्याच खोक्यावर लहान अक्षरांत असतो. एक वॉट वीज दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ही त्या स्पीकरची संवेदनक्षमता. त्या दोनशे वॉटवाल्याची होती 86. शेजारीच एका साध्या चार इंची स्पीकरवर 90 लिहिले होते. चार डेसिबलचा फरक दिसायला क्षुल्लक, पण तो भरून काढायला अडीचपट वीज लागते. म्हणजे आमच्या सहा वॉटांवर हा स्वस्त स्पीकर जेवढा वाजेल, तेवढ्यासाठी त्या महागड्याला पंधरा वॉट हवे होते. आम्ही स्वस्त जोडी घेतली. तिच्या मधोमध वरच्या पट्टीसाठी वेगळा छोटा ट्वीटर होता, आणि शंकू प्लास्टिकचा, पावसाळ्याला न भिणारा.

हादरण्याच्या सल्ल्यात आणखीही एक दोष आहे. जड, खालच्या पट्टीतला आवाज आपल्या वरच्या पट्टीतल्या आवाजाला झाकून टाकतो. उलटे फारसे घडत नाही. धावत्या गाडीत इंजिनाची आणि चाकांची घरघर आधीच खालच्या पट्टीत असते. तीत बासची भर घातली की व्यंजनांवर दुहेरी पांघरूण पडते. घोडबंदर रोडवर काचा बंद करून धडधडत जाणाऱ्या गाड्यांतल्या मंडळींना गाण्याचे शब्द ऐकू येत असतील, असे मला वाटत नाही. अर्थात त्यांना ते हवे असतील असेही नाही.

स्पीकर कोठे बसवावे याविषयी हल्लीचा रिवाज दरवाज्यांचा आहे. बाससाठी तो योग्यच, कारण दरवाजाची पोकळी पेटीसारखी वागते. पण वरच्या पट्टीतला आवाज टॉर्चच्या उजेडाप्रमाणे सरळ जातो. दरवाज्यातून निघालेला ‘स’ पायांवर आणि बाकावर आपटून संपतो. डॅशबोर्डमधून वर निघालेला आवाज समोरच्या काचेवरून परतून थेट चेहऱ्याकडे येतो. ज्याला शब्द ऐकायचे आहेत, त्याच्यासाठी जुनी डॅशबोर्डची जागाच चांगली.

परंतु आबांच्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, आणि त्याला भोक पाडायला आबांचा सक्त विरोध होता. त्यांचे म्हणणे असे, की कापलेला पत्रा परत येत नाही. (मामाच्या मनातला गिऱ्हाईकही बहुधा हेच म्हणाला असता.) डोंबिवलीत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क काका आहेत, त्यांनी मार्ग काढला. बारा मिलिमीटरच्या प्लायवुडच्या दोन फळ्या कापून त्यांत गोल भोके पाडली, त्यांना वॉर्निश दिले, आणि जुनी पट्टी ज्या स्क्रूंवर होती त्यांच्याच आधाराने त्या फळ्या डॅशबोर्डच्या खालच्या कडेला दोन टोकांशी तिरप्या बसविल्या, तोंडे वर काचेकडे करून. नवे भोक एकही नाही.

फळी केवळ आधारासाठी नसते. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेवरून एकमेकींना भेटल्या की खालचा आवाज नाहीसा होतो. फळीने त्यांची ताटातूट होते. स्पीकर आणि फळी यांच्यामध्ये फोमची पट्टी लावली, म्हणजे फट राहत नाही आणि खडखडही होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढली. स्पीकर घट्ट करण्याआधी वायपरच्या दांड्या आणि स्पीडोमीटरची केबल चुंबकाला लागत तर नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहिले. मग काकांनी मला दीड व्होल्टचा सेल दिला. त्याची टोके स्पीकरला क्षणभर टेकवायची. शंकू बाहेर आला तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन टोक. दोन्ही स्पीकरांचे हे टोक रेडिओला एकाच रीतीने जोडावे लागते. उलटसुलट जोडले तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो, आणि आवाज पोकळ, कोठूनही न आल्यासारखा वाटतो. सरतेशेवटी प्रत्येक स्पीकरच्या वाटेत 220 मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कंडेन्सर घातला. 4 ओहमच्या स्पीकरशी तो सुमारे 180 हर्ट्झच्या खालचा आवाज अडवितो. चार इंची शंकूला न झेपणारे ओझे गेले, आणि शब्दांवरचे पांघरूणही.

ज्यांनी जुन्या गाडीत अगदी नवा रेडिओ बसविला असेल, त्यांना काकांचा एक निरोप आहे. पूर्वी स्पीकरची एक तार रेडिओला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडत. नव्या रेडिओत एका स्पीकरसाठी दोन प्रवर्धक समोरासमोर काम करतात. त्यामुळेच त्यांना त्याच बॅटरीवर जास्त वॉट देता येतात. तेथे दोन्ही तारांवर दाब असतो. त्यांतली एक पत्र्याला लागली तर रेडिओ जळण्याचा धोका असतो. तेव्हा जुनी तार काढून रेडिओपासून स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा ओढाव्यात.

आबांना आम्ही काहीच सांगितले नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर मामा गाडी चालवीत होता, आबा नेहमीप्रमाणे यंत्र खिशात ठेवून शेजारी बसले होते, मी मागे. बातम्या संपल्या, एक नाट्यपद लागले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात पुढे करून त्यांनी आवाज कमी केला. कमी! आणि म्हणाले, ‘याला श नीट म्हणता येत नाही.’

मामाने गाडी पलावापाशी वळवायची ती वळविली नाही. सरळ शिळफाट्यापर्यंत नेली.