पेनांग बंदरातील एक दिवस : आखणी वैद्याच्या नजरेतून

अलीकडे आपल्या मंडळातील अनेक सभासद व त्यांचे स्नेही जलपर्यटनास जाऊ लागले आहेत. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या मोठी आहे. प्रकृतीची गाठोडी बरोबर असतातच : कुणाचा मधुमेह, कुणाचे गुडघे, कुणाचे हृदय. जहाजावर वातानुकूलित खोली, लिफ्ट आणि डॉक्टर असतात. खरी परीक्षा होते ती जहाज एखाद्या उष्ण कटिबंधातील बंदरास लागते त्या दिवशी. सकाळी उतरावयाचे, परके शहर पाहावयाचे आणि सायंकाळी वेळेत परतावयाचे. या एका दिवसाची आखणी कशी करावी, हे मलेशियातील पेनांग बंदराच्या उदाहरणाने येथे मांडत आहे. २०२४ साली आम्ही इंदूरचे चौदा जण सिंगापूरहून तेथे गेलो होतो आणि आखणीचे काम माझ्याकडे होते.

वेळेचा हिशेब उलटा करावा

आमचे जहाज सकाळी ९ वाजता धक्क्यास लागून सायंकाळी ६ वाजता सुटणार होते. कागदावर हे नऊ तास दिसतात. प्रत्यक्षात ते तितके नसतात. जहाजावर परत चढण्याची अखेरची वेळ ५ होती. परके शहर, अवचित येणारा पाऊस व वाहनांची कोंडी यांसाठी एक तास हाती ठेवला, म्हणजे ४ वाजता धक्क्यावर हजर. उतरण्याच्या रांगेत व तपासणीत सकाळचा एक तास जातो. उरले सहा तास. त्यांतील १२ ते २॥ हा काळ जेवण व सावलीसाठी राखला. फिरण्यास खरोखर मोकळे राहिले ते साडेतीन तास. हा आकडा सर्वांसमोर ठेवल्याबरोबर स्थळांची यादी आपोआप आखूड झाली.

जहाजाच्याच सहलीस गेलेल्या प्रवाशांसाठी जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास स्वखर्चाने करावा लागतो, आणि मागे राहणाऱ्याची औषधे मात्र खोलीत पुढे गेलेली असतात! म्हणून एका दिवसाऐवजी दोन दिवसांची औषधे जवळच्या पिशवीत असावीत. त्याच पिशवीत पारपत्राची छायाप्रत, विम्याचा कागद आणि बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असावा. मलेशियात तातडीच्या मदतीसाठी ९९९ हा क्रमांक आहे.

घड्याळाविषयीही सावध असावे. पेनांगची वेळ सिंगापूरप्रमाणेच आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पुढे थायलंडमधील फुकेटला गेल्यास ती तासाभराने मागे येते. जहाजाचे घड्याळ बदलले जाईल की नाही हे आदल्या रात्री विचारून घ्यावे व सर्वांनी जहाजाच्याच वेळेने चालावे. सिंगापूरला परतणाऱ्या फेरीसाठी तेथे एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, हेही तिकीट काढतानाच पाहावे.

आपला उन्हाळा आणि तेथला उकाडा

माळव्यातील माणसास ४२ अंशांची सवय असते. पेनांगचे दुपारचे तापमान वर्षभर ३१-३२ अंशांच्या आसपास असते, हे ऐकून आमच्यातील बहुतेकांनी टोप्या बॅगेतच ठेवण्याचे ठरविले होते. हा हिशेब फसवा आहे. आपल्याकडील कोरड्या उन्हात घाम उडून जातो आणि शरीर थंड होते. विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंशांवरील त्या दमट बेटावर घाम उडत नाही, नुसता निथळतो. पाणी व क्षार जातात. उष्णता मात्र अंगातच राहते. त्यातून थंडगार जहाजातून उतरणाऱ्या देहास या हवेची सवय होण्यास अवधीच मिळालेला नसतो.

मधुमेही व्यक्तींबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर उतरली की दरदरून घाम येतो. पण जेथे सर्वांनाच घाम फुटलेला असतो तेथे तो घाम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारा माणूस गप्प झाला, चिडचिडा झाला किंवा अडखळू लागला, तर उकाड्यास दोष देण्यापूर्वी ग्लुकोमीटर काढावा. तो हाताशी नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखर द्यावी. जेवणाची वेळ रांगेसाठी पुढे ढकलू नये, आणि इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये.

सर्वांत थकलेल्या माणसाची चाल

आमच्यात एक ज्येष्ठ शल्यविशारद होते. वय ७८, हृदयाची क्षमता घटलेली, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रोजची, आणि दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी घालून दिलेली. आखणीच्या बैठकीत ते म्हणाले, "मी आपला जहाजावरच बसतो. तुम्हां मंडळींना माझा खोळंबा कशाला?" वहिनी काहीच बोलल्या नाहीत; पण सरांना एकटे सोडून त्या उतरणार नाहीत, हे आम्हांस ठाऊक होते.

येथे आपला नेहमीचा "भरपूर पाणी प्या" हा उपदेश उपयोगी पडत नाही. पाणी वाढविले तर दम लागण्याची भीती, न वाढविले तर रक्तदाब खाली जाण्याची. गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हाही मार्ग नव्हे. प्रवासापूर्वीच त्यांच्या तज्ज्ञांशी बोललो व असे ठरले, की पाणी वाढविण्याऐवजी ऊन कमी करावयाचे. चालणे एका वेळी दहा मिनिटांहून अधिक नाही. प्रत्येक टप्प्यास बसण्याची जागा, सावली व स्वच्छतागृह. आणि १२ नंतर छपराखालीच.

पेनांग अशा आखणीस अनुकूल आहे. स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउन शहरालाच लागून आहे. फुकेटला पुष्कळदा जहाज समुद्रात नांगरते व छोट्या होडीतून किनारा गाठावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी असे बंदर आहे का हे आधी विचारावे. येथे धक्क्याबाहेर येताच व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचे स्मारक म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळ-मनोरा दिसतो आणि शेजारीच कॉर्नवॉलिस किल्ला.

मनोऱ्यापासून सर व वहिनी सायकलरिक्षाने निघाले. तेथील रिक्षात प्रवासी पुढे बसतो व चालक मागून पायडल मारतो, त्यामुळे समोरचा रस्ता मोकळा दिसतो. एकाच रस्त्याच्या परिसरात भारतातून पाठविलेल्या बंदीजनांच्या श्रमांतून उभे राहिलेले १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, चिनी करुणादेवीचे मंदिर आणि कपितान केलिंग मशीद आहे. जवळच १८३३ चे श्रीमहामारिअम्मन मंदिर. युनेस्कोने २००८ साली जॉर्ज टाउनला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ते सारे सरांनी सव्वा तासात, बसत-उठत पाहिले.

वैद्यकीय व्यावसायिकांनी या शहरात आणखी एका व्यक्तीचे स्मरण करावे. डॉ. वू लिएन-तेह यांचा जन्म १८७९ साली पेनांगचा. केंब्रिजला शिकून त्यांनी याच शहरात व्यवसाय केला. १९१० च्या अखेरीस मांचुरियात प्लेग पसरला तेव्हा ते हार्बिनला गेले. उंदीर व पिसू यांचे नाते मुंबईतील संशोधनाने तोवर दृढ झाले होते. परंतु हा फुप्फुसांचा प्लेग असून तो श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जातो, हे त्यांनी ओळखले व कापूस-गॉझचा मुखपट्टा वापरावयास लावला. त्यांचे न ऐकता मुखपट्ट्याविना रुग्ण तपासणारे एक फ्रेंच डॉक्टर त्याच साथीत दगावले. सरांनी ही हकिगत रिक्षात बसल्या बसल्या वहिनींना सांगितली.

तरुणांचा बेत

आमच्यातील सहा जणांना पेनांग टेकडीवर जावयाचे होते. ८३३ मीटर उंचीच्या या टेकडीवर १९२३ पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. त्यांना अडविले नाही. मात्र अट आधीच घातली, की पायथ्याशी रांग अर्ध्या तासाहून अधिक दिसली तर माघारी फिरावे. रविवार असल्याने रांग लांबच लांब निघाली. ते वाद न घालता वळले, जवळचे केक लोक सी बौद्ध मंदिर खालूनच पाहिले आणि दीड वाजता लिटिल इंडियात आम्हांस येऊन मिळाले. रांगेत उभे राहून असा निर्णय होत नसतो. तो आदल्या दिवशीच करून ठेवावा लागतो. टेकडीवर वा उद्यानांत जाणाऱ्यांनी माकडांपासून दूर राहावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जेवण लिटिल इंडियातील केळीच्या पानावरचे घेतले. शाकाहारी मंडळींनी इतरत्र विचारून घ्यावे. तेथील अनेक चटण्यांत आंबवलेली कोळंबी असते आणि प्रसिद्ध आसाम लाक्साचा रस्सा माशांचा असतो.

सव्वातीनला पाऊस आला. पावणेचारला चौदाही जण धक्क्यावर होते. जहाजाच्या शिडीवर सर थोडे थांबले, श्वास घेतला व म्हणाले, "पुढच्या बंदरालाही उतरीन म्हणतो."

थोडक्यात

१. परतीच्या वेळेपासून मागे मोजत यावे. एक तास हाती ठेवावा.
२. सर्वांत थकलेल्या व्यक्तीच्या चालीने मुख्य बेत ठरवावा. इतरांसाठी वेगळा बेत व माघारीची अट ठेवावी.
३. पाणी, क्षार व औषधे यांचे प्रमाण प्रत्येकाच्या आजारानुसार निघण्यापूर्वीच ठरवावे.
४. औषधे मूळ वेष्टनात व चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या गोळ्या व कोडीनयुक्त औषधांबाबत सिंगापूरचे नियम कडक आहेत. ते आधी पाहावेत.
५. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. अंगभर कपडे व डासरोधक मलम वापरावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यावी, आणि रक्त तपासेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवावे.

वृद्ध रुग्ण "जाऊ का?" असे विचारतो तेव्हा "नको" म्हणणे आपणांस सोपे असते. त्याऐवजी किती चालावे, कोठे बसावे व केव्हा परतावे हे कागदावर लिहून दिले, तर पुष्कळांना जाता येईल. तपासणीच्या खोलीत त्यासाठी दहा मिनिटे अधिक लागतील; ती आपण द्यावीत, अशी सभासदबंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे.