मातीचा खेळ खेळणाऱ्या भाच्यास

पुणे



तुझा लांबलचक मेसेज वाचला. सगळा शनिवार घालवला तरी चार टाइलचं अंगण सपाट होत नाही, दर वेळी एखादा कोपरा वर नाहीतर खाली राहतो, वीस-वीस किलोची माती वाहून तुझा माणूस थकून उभा राहतो, म्हणून वर्म ऑनलाइन सोडायचा तुझा बेत आहे. सोडायचं तर सोड. खेळ आहे, नोकरी नाही. पण कशासाठी सोडतो आहेस ते एकदा नीट बघ आणि मग सोड. त्या जगात मी बरीच वर्षं राहते आहे आणि तुला तिथे मीच नेलं, तेव्हा हे पत्र लिहिणं माझ्याकडेच लागतं.

आधी तुझ्या अंगणाचं. तुला कुणी सांगितलं नसावं की टाइलचे, म्हणजे जमिनीच्या एका चौकोनाचे, चार कोपरे तिच्या एकटीचे नसतात. प्रत्येक कोपऱ्यावर चार टाइल मिळतात. तू एका टाइलचा कोपरा खणलास की बाजूच्या तिन्ही टाइल कलतात. तू दिवसभर हीच टाइल नीट कर, मग ती नीट कर, असं करत राहिलास आणि प्रत्येक दुरुस्तीने शेजारची बिघडवलीस. आधी एकच टाइल पूर्ण सपाट कर. मग त्या टाइलवर उभा राहून शेजारच्या टाइलला ‘लेव्हल’ दे आणि तिथून एकेक करत बाहेर सरक. अंगावर थोडी माती ठेव, कारण खोलगट जागी तीच भरली जाते. जमीन सपाट झाल्याशिवाय घराचा आराखडा पडत नाही, त्यामुळे हे शिकण्यावाचून सुटका नाही. एक संध्याकाळ पुरेल.

आता मोठ्या गोष्टीकडे येते. तू माइनक्राफ्टवर वाढलास, म्हणून तुला हा खेळ मुद्दाम छळणारा वाटतो. पण माइनक्राफ्ट करणारा मार्कुस पेर्सन हाच रोल्फ यान्सनबरोबर वर्मचाही निर्माता आहे. दोघे स्वीडनचे. २००३ च्या सुमारास त्यांनी वर्म करायला घेतलं आणि २००६ मध्ये ते रीतसर लोकांसाठी खुलं झालं. पुढे पेर्सन बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्याने माइनक्राफ्ट लोकांपुढे आणलं. त्यात ठोकळा क्षणात फुटतो आणि क्षणात परत बसवता येतो. यान्सन वर्मपाशीच राहिला. तिथे एक खिळा घडवायचा तरी खनिज शोधा, खाण काढा, भट्टी पेटवा, लोखंड वितळवा, ऐरणीवर तापलेला गोळा ठेवा, आणि एवढं करून तो बिघडूही शकतो. दोन्ही खेळ मला आवडतात. पण माइनक्राफ्टची घाई घेऊन वर्ममध्ये गेलास तर तुला फक्त ती कामाची पट्टी सरकताना दिसेल, दुसरं काही दिसणार नाही.

त्या पट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळं तिच्यातच आहे. वर्ममध्ये प्रत्येक कामाला वेळ लागतो. खणणं, झाड तोडणं, हातोडी ठीकठाक करणं, सगळीकडे पट्टी भरेपर्यंत थांबावं लागतं. चार-पाच कामं ओळीने लावून देता येतात, पण त्यापुढे परत थांबणं आलंच. नवीन माणसाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका पहाटे जात्यावर बसायच्या तेव्हा हात जात्याला जुंपलेले असायचे आणि तोंड मोकळं असायचं, त्यातूनच ओव्या आल्या. वर्मचं तसंच आहे. माणसाचे हात खेळाने अडकवून ठेवलेले असतात, म्हणून तो चॅटमध्ये बोलतो. त्या गप्पांत घोडा कसा पैदा करायचा इथपासून कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन कसं झालं इथपर्यंत सगळं येतं. वेगवान खेळांत लोक एकमेकांना आज्ञा देतात. असं निवांत बोलणं मला तिथे फारसं ऐकायला मिळालं नाही. तू मात्र पट्टी सरकत असताना दुसऱ्या मॉनिटरवर सिरीज लावतोस असं लिहिलंस. तसं करशील तर खेळातलं सगळं कष्टाचं ते घेशील आणि गोड ते सोडून देशील.

हळूपणाचा दुसरा परिणाम याहून खोल आहे. कुठल्याही वस्तूचा दर्जा एकपासून शंभरपर्यंत मोजतात आणि कौशल्याचंही तसंच. सुरुवातीला आकडा भराभर चढतो. सत्तरच्या पुढे तो दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या घरात हलायला लागतो आणि नव्वदनंतर तर महिनेच्या महिने जातात. तेव्हा तुला परवा त्या फिनलंडच्या बाईने सत्तर दर्जाचं फावडं नुसतं देऊन टाकलं, त्यात तिच्या किती संध्याकाळी आहेत याचा विचार कर. जिथे वस्तूला वेळ लागत नाही तिथे देण्याला वजन नसतं. २०१५ मध्ये वर्म अनलिमिटेड निघालं. ते घेऊन आपापला सर्व्हर चालवता येतो आणि कौशल्य किती पट वेगाने वाढावं हेही ठरवता येतं. अशा दहापट वेगाच्या सर्व्हरवर मी राहून पाहिलं. पंधरवड्यात सगळ्यांकडे सगळं होतं. कुणाला कुणाकडून काही नको होतं, आणि थोड्याच दिवसांत गाव रिकामं झालं. त्यामुळे वेग वाढवला की खेळ सुधारतो हे मला पटत नाही.

तरी तुझी एक तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिला मी हलकं करणार नाही. तू लिहिलंस, ‘मी जे काही करतो ते कुणीतरी दहा वर्षांपूर्वी माझ्यापेक्षा चांगलं करून ठेवलंय.’ जुन्या सँडबॉक्स खेळाचं हे खरं दुखणं आहे. जग तयार आहे. रस्ते झालेले, डोंगरातून बोगदे काढलेले, नद्यांवर पूल बांधलेले. तू महिनाभर घाम गाळून जी करवत घडवशील तिच्या तिप्पट चांगली करवत एखादा जुना लोहार किरकोळ नाण्यांत विकतो. त्याला मागे टाकलंस तरी आणखी सरावलेला दुसरा कुणी तयार असतो. झानाडूसारख्या नकाशाची एक बाजू जवळपास ३२ किलोमीटर भरते. पायी, घोड्यावर किंवा होडीने निघालं तर मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, पण कुंपणं दिसतात, ओसाड अंगणं दिसतात, अर्धी ढासळलेली भिंत दिसते. गावाच्या डीडचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा, हप्ता भरणं थांबलं की डीड मोडतं आणि मग घरं झिजत जातात. खणलेली जमीन मात्र तशीच राहते. कुणीतरी कापलेला डोंगर त्याचं नाव विसरल्यावरही कापलेलाच असतो. मला त्या भटकंतीत एक शांत आनंद मिळतो, पण अठराव्या वर्षी माणसाला दुसऱ्यांचे अवशेष बघत फिरायचं नसतं, त्याला स्वतःचं काहीतरी लागतं. हे मला कळतं.

म्हणून माझा सल्ला असा की आकड्यांच्या शर्यतीत उतरूच नकोस. ती तुझ्या आधी सुरू झाली आहे आणि तुला ती जिंकता येणार नाही. त्याऐवजी कुणाची तरी गरज शोध. जुन्या कसबी लोकांकडे कसब भरपूर असतं, पण हमाली करायला त्यांना वेळ नसतो. दगडी वाडा बांधायला शेकड्यांनी, हजारांनी विटा लागतात. विटा म्हणजे खाणीतले दगडाचे तुकडे छिन्नीने घडवणं. त्यात कुठलीही थोर विद्या नाही. वाळू आणि चिकणमाती मिसळून गारा करायचा, त्यातही नाही. नव्वद कौशल्याचा गवंडीसुद्धा वीस कौशल्याच्या पोराकडून गारा आनंदाने विकत घेतो. मोठ्या जहाजालाही तसंच. तळाचा कणा कुणीतरी जाणता माणूस जोडेल, पण फळ्या, खुंट्या, दोर आणि डांबर यांचा ढीग कुणी आणायचा? जे गाव जहाज बांधतं आहे तिथे जाऊन विचार. पहिल्यांदा जहाज पाण्यात उतरतं तेव्हा खुंट्या कापणाराही डेकवर असतो.

एकट्याने दूर जंगलात डीड टाकायची तुझी कल्पनाही म्हणूनच मला पसंत नाही. जागा सुंदर आहे, समुद्र समोर आहे, सगळं खरं. पण शेजार नसेल तर दोन महिन्यांत तू खेळणार नाहीस. आधी एखाद्या नांदत्या गावात राहा, त्यांची शेती बघ, घोड्यांना चारा दे, त्यांच्या खाणीत खण. मग हवं तर हाकेच्या अंतरावर स्वतःचं घर बांध. कुठे काय करायचं हे कळलं नाही तर ‘सीए हेल्प’ चॅटमध्ये विचारायला लाजू नकोस. तिथे उत्तरं देणारी माणसं आपणहून, हौसेने बसलेली असतात. आणि पुढचं इम्पालाँग भरेल तेव्हा नक्की जा. दूरदूरचे लोहार, सुतार, शिंपी एका ठिकाणी जमतात आणि आलेल्या-गेलेल्यांची हत्यारं सुधारून देतात. तू पाणी आण, लाकडं तोड, भट्टीत सरपण घाल. एखाद्या कामात मुरलेला माणूस शेजारी बसून कसा काम करतो हे पाहायला मिळणं ही त्या खेळातली माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट आहे.

नुकसानाबद्दलही लिहायला हवं. तुझा गाडा उघड्यावर राहिला आणि झिजला, म्हणून तू चिडलास. इथे वस्तू वापरली की घासते, दुरुस्त केली की तिचा दर्जा थोडा उतरतो, सुधारायला गेलं की कधी हात चुकतो आणि उलट बिघडते. याला दोष मानू नकोस. वस्तू झिजल्या नाहीत तर लोहाराला काम राहणार नाही, आणि लोहाराला काम नाही तर तुझ्या विटांनाही गिऱ्हाईक नाही. पण झिजणं वेगळं आणि लुटलं जाणं वेगळं. केऑस सर्व्हरवर माणसं माणसांना मारतात आणि लुटतात. तिथे तुझ्यासारख्या हळव्या पोराने पहिल्या वर्षी पाऊल ठेवू नये. तिथली मजा मला नाकारायची नाही, पण ती सोसायला आधी गमावायची सवय लागते.

आता पैसा. फुकट खेळताना कौशल्य वीसवर अडतं, पुढे जायचं तर प्रीमियम घ्यावं लागतं, आणि डीडला दरमहा नाणी लागतात. ती नाणी खऱ्या पैशांतही मिळतात. ताईने तुला हातखर्चाला दिलेल्या पैशांतून हे होता कामा नये. प्रीमियम मी भरते आहे तोवर भरते. डीडची नाणी तू तिथेच कमव, विटा विकून, माती विकून. त्याने दोन गोष्टी होतील: तुला डीड आवाक्याबाहेर मोठं करावंसं वाटणार नाही, आणि खिसाही सुरक्षित राहील. कुणी तयार कौशल्याचं जुनं खातं विकत देतो म्हणाला तर घेऊ नकोस. दुसऱ्याने वाढवलेल्या माणसात शिरून तू काय करणार? ज्या चुकांतून तो शिकला त्या तुझ्याजवळ नसतील, आणि गावात कुणी ओळखणारही नाही.

आणि वेळ. युरोपातली मंडळी संध्याकाळी जेवून बसतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात. चॅट खरं रंगतं ते आपल्या मध्यरात्रीनंतर. हा मोह फार वाईट आहे आणि हॉस्टेलमध्ये तुला कुणी झोप म्हणणार नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला उठायचं, मग पट्टी कितीही उरलेली असो. शनिवारी हवा तितका बस. सेमिस्टरच्या परीक्षेआधी दोन-तीन महिन्यांची नाणी डीडमध्ये टाकून ठेव, गाडा छपराखाली ने, जनावरं शेजाऱ्यावर सोपव आणि त्यांना सांगून जा की मी अमुक तारखेपर्यंत येणार नाही. सांगून जाणाऱ्याची वाट लोक पाहतात.

कायमचंच जायचं ठरलं तर तेही सांगून जा. वस्तू कुजत ठेवू नकोस. फावडं त्या बाईला परत कर किंवा एखाद्या नवख्याला दे, घोडे वाटून टाक. मग ताईला आणि मला कुणालाच तक्रार राहणार नाही.

ताईशी मी बोलते. तिला हा खेळ म्हणजे वेळेचा नाश वाटतो. तू तिथे काय करतोस हे तिला कधी सांगितलंच नाहीस, म्हणून तिला तसं वाटतं. सुट्टीत घरी जाशील तेव्हा तिला शेजारी बसवून भट्टी पेटवून दाखव. तिला रस वाटेल अशी माझी खात्री आहे, आमच्या आजोळी चुना भाजायची भट्टी होती आणि ती तिथे तासन्‌तास बसायची.

तुझ्या अंगणाच्या पूर्वेला एक म्हातारा डच गृहस्थ दीपगृह बांधतो आहे असं तू ओझरतं लिहिलं आहेस. त्याला आजच निरोप टाक आणि विटा किती हव्यात ते विचार. पाचशे म्हणाला तर हो म्हण. निम्म्या मी घडवून देते, शनिवारी रात्री दहाला येते आहे.

तुझी
मावशी