एकच औषध, दोन उपयोग : केसगळती आणि प्रोस्टेटची वाढ

तरुण मुलाला टक्कल पडू लागले की तो कोणाला न सांगता उपाय शोधतो. घरातील आजोबा रात्रीतून चार वेळा लघवीला उठतात आणि 'वयच झाले' म्हणून गप्प बसतात. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे आणि दोन्हींवर फिनास्टेराइड हेच औषध दिले जाते. सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना त्याची नीट ओळख व्हावी म्हणून हा पाठ आम्ही देत आहोत.

औषधाचे कार्य
पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असते. एक विशिष्ट विकर त्याचे रूपांतर डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात करते. गर्भातील मुलाची बाह्य जननेंद्रिये डीएचटीमुळे घडतात. उतारवयात मात्र त्यामुळेच मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथी वाढते, आणि ज्यांच्यात आनुवंशिक कल आहे त्यांच्या केसांची मुळे आकसत जातात. फिनास्टेराइड त्या विकराला अडवते. रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटते.

शोध कसा लागला
डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सॅलिनास गावात हे विकर जन्मतः कमी असलेली काही मुले होती. जन्मवेळी त्यांना मुली समजले जाई. वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे दिसत. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी १९७४ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहिली व त्यांना टक्कल पडले नाही. हाच धागा धरून औषध तयार झाले. अमेरिकेत प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९२ साली, तर केसांसाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ साली मान्यता मिळाली.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी
१) गुण सावकाश येतो. केसांसाठी तीन महिने किंवा अधिक, प्रोस्टेटसाठी सहा महिने लागू शकतात. औषध बंद केले की वर्षभरात केसांचा लाभ ओसरतो.
२) कामेच्छा कमी होणे, लिंगताठरतेत अडचण, छाती दुखणे किंवा वाढणे, मन उदास होणे असे त्रास काहींना होतात. काहींनी औषध सोडल्यावरही ते टिकल्याचे कळविले आहे. आत्महत्येचे विचार येणे हाही दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ साली मान्य केले. मन खचू लागल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.
३) स्वस्त पडते म्हणून मोठी गोळी तोडून खाऊ नये. गर्भवती स्त्रीने तर तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातील मुलग्याच्या वाढीस धोका असतो. याच कारणाने शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्तदान करू नये.
४) प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी करतात. या औषधाने तिचा आकडा जवळजवळ निम्मा होतो. औषध चालू असल्याचे डॉक्टरांना माहीत असेल तर ते हिशेब करतात. माहीत नसेल तर वाढलेला आकडाही ठीकच वाटतो आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. केसांसाठी लहान गोळी घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, लपवू नका. प्रोस्टेटची वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लघवी तुंबत राहिली तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. धार बारीक होणे, थांबत थांबत होणे, पूर्ण झाल्यासारखे न वाटणे ही लक्षणे दिसताच वडिलधाऱ्यांनी तपासून घ्यावे. तरुणांनीही मित्राच्या किंवा जाहिरातीच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नये. आज रात्री घरातील वडीलमंडळींना एवढेच विचारा, "रात्री किती वेळा उठता?" या एका प्रश्नाने लाज मोडली, तर पुढचा मार्ग डॉक्टर दाखवतील.