रविवार संध्याकाळचं आधी ठरव

पोरी, तू पाचवीपासून बारावीपर्यंत एकाच आवारात शिकलीस. हायस्कूल तेच, ज्युनिअर कॉलेज तेच, मैदान तेच, शिपाईमामाही तेच. मैत्रीण शोधायला तुला कधी जावंच लागलं नाही. ती एसटीत शेजारी बसायची, परिपाठाला मागे उभी असायची, मधल्या सुट्टीत तिचा डबा तुझ्यासमोर उघडायचा. रोज भेटत राहिलात म्हणून मैत्री झाली. आता कॉलेजसाठी पुण्यात जाशील. तिथं हे रोजचं भेटणं कोणी लावून देणार नाही, ते तुला लावावं लागेल. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. पहिल्या सहामाहीत ‘मला घरी जायचंय’ म्हणत रडत येणाऱ्या मुलींमध्ये अभ्यासाला घाबरलेल्या फार थोड्या असत. बहुतेकींची दिवसभरात कोणाशीच धड गाठ पडलेली नसे.

आधी वेळापत्रक नीट समजून घे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजरचा वर्ग वेगळा, मायनरचा वेगळा आणि ओपन इलेक्टिव्हला तर भलत्याच शाखेची मुलं. सकाळच्या लेक्चरला शेजारी बसलेली मुलगी दोन तासांनी दुसऱ्या इमारतीत असते. ‘आमचा वर्ग’ असं जे तुम्ही म्हणायचात, ते इथं फारसं उरत नाही. शाळेतल्या बाकाच्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे प्रॅक्टिकलची बॅच. ती रोल नंबरनं लागते, ठरलेल्या वारी भेटते, आणि रीडिंग घ्यायला, जर्नल पुरं करायला एकमेकींची गरज पडतेच. सुरुवात तिथून कर. प्रॅक्टिकल संपलं की दोघी-तिघींना ‘चहा घेऊ या का?’ असं सरळ विचार. समोरची मुलगीही बाहेरगावची असली तर ती या प्रश्नाची वाटच बघत असते. गणपतीची सुट्टी येईपर्यंत कोणाचेच ग्रुप पक्के झालेले नसतात, त्यामुळे हे सगळं त्याआधी सोपं जातं. पुढे जरा जोर लावावा लागतो, पण होतं. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र नोटिशी आणि सबमिशनच्या तारखांपुरता धर.

आता रविवारचं. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट, मग कपडे धुणं, झोप, आणि सहा वाजले की हॉस्टेल एकदम रिकामं वाटायला लागतं. स्थानिक मुली आपापल्या घरी, रूममेट मावशीकडे चिंचवडला, आणि तू खोलीत मोबाईल घेऊन. पहिल्या सत्रातला सगळ्यात जड वेळ हाच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून रविवार संध्याकाळच्या जेवणाचं शुक्रवारीच कोणाशी तरी ठरवून ठेव. भारी हॉटेल नको, पोळीभाजी केंद्रावरून पोळ्या आणून खोलीत दोघींनी खाल्ल्या तरी चालतं. दर रविवारी तीच मुलगी हवी असंही नाही. पण ठरलेलं असू दे.

पैशांचं पहिल्या महिन्यातच मोकळेपणानं सांगून टाक. शाळेत वाढदिवसाला चॉकलेटचा डबा फिरला की झालं. इथं दर पंधरवड्याला कोणाचा तरी वाढदिवस, केक, कॅफे, वर वर्गणी. टीटीएमएमची पद्धत पुण्यात कोणी वाईट मानत नाही. तुझं तू दे, माझं मी देते, एवढं म्हटलं की विषय संपतो. ज्या बेताला तुझ्याकडे पैसे नाहीत तिथं ‘या महिन्यात मला जमणार नाही, जेवून येते आणि तुम्हाला नंतर टेकडीवर भेटते’ असं सांग. डोकं दुखतंय, अभ्यास आहे, अशी कारणं देऊ नकोस. दोन-तीनदा कारण ऐकलं की पोरी बोलवायचंच बंद करतात, आणि खरं कारण त्यांना कधी कळतच नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घालायचं मनात असेल तर जरूर घाल. ग्रंथालयात किंवा ऑफिसात रोज दोन-तीन तास काम करणाऱ्या मुली एकमेकींना फार धरून राहतात, पुस्तकं आणि जुन्या नोट्स आपसांत फिरवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाताला काम आणि हातात पुस्तक हे दोन्ही एकत्र आणलं, त्या वाटेनं गेलेली माणसं तुझ्या सातारा जिल्ह्यात घरोघर आहेत. त्यात संकोच कसला?

सगळ्यात जास्त भर मी यावर देईन : आठवडेच्या आठवडे चालणारं एक काम धर. फ्रेशर्स पार्टी, ट्रॅडिशनल डे, साड्या, फोटो, हे सगळं कर, मजा येते; पण एका दिवसाच्या कार्यक्रमात ओळख होते आणि ती तिथंच राहते. राष्ट्रीय सेवा योजना घे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एका गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. सात दिवस एकत्र झाडलोट, श्रमदान, शंभर माणसांचा स्वयंपाक, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोप. कॅफेत वर्षभर बसून जेवढं माणूस कळत नाही तेवढं तिथं पोळ्या लाटताना कळतं. आणि तू गावची. विळा कसा धरायचा, चूल कशी पेटवायची, सरपंचांशी काय बोलायचं हे तुला येतं. वर्गात गप्प बसणाऱ्या खेड्यातल्या मुली शिबिरात पुढे होऊन सगळ्यांना कामाला लावतात, हे मी कितीदा तरी पाहिलं.

नाटकाची आवड असेल तर पुरुषोत्तम. महाराष्ट्रीय कलोपासक संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळ्यात तालमी असतात, आणि भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजचा पुकारा करायला पोरं घसा कोरडा करतात. अभिनय येत नाही म्हणून मागे फिरू नकोस. रंगमंचावर थोडेच दिसतात. नेपथ्य उचलणारी, प्रॉपर्टी सांभाळणारी, प्रॉम्प्टिंग करणारी, रात्री उशिरा सगळ्यांचा वडापाव आणणारी माणसंही टीममध्येच असतात. बॅकस्टेजला उभी राहा. तिथं फर्स्ट इयर आणि थर्ड इयर एकाच पेटीचं ओझं धरतात, म्हणून सीनिअर मंडळी आपोआप आपली होतात. फक्त एक बघ : हजेरी. ७५ टक्क्यांच्या खाली गेलीस की डिफॉल्टरच्या यादीत नाव लागतं, आणि तेव्हा प्रॉक्सी लावणारे मित्र कामाला येत नाहीत.

बोलण्याचा संकोच सोड. कॉन्व्हेंटमधल्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतील. बोलू दे. तू मराठीत उत्तर दे, मध्ये येतील ते इंग्रजी शब्द वापर, अडलं तर ‘परत सांग’ म्हण. तुझा हेल कोणी लक्षात आणून दिला तर तो बदलायच्या मागे लागू नकोस. शब्द वापरानं येतात. सहा महिन्यांत तुला सेमिनार देता येईल, पण पहिले सहा महिने तोंड मिटून बसलीस तर येणार नाही.

मुलांशी बोलण्याचंही सांगते. गावात तू एखाद्या मुलाशी दोन वाक्यं बोललीस की संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. इथं बाकावर शेजारी मुलगा असेल, प्रोजेक्टमध्ये असेल, शिबिरात असेल, आणि कोणाला त्याचं काही वाटणार नाही. म्हणून पहिल्या मोकळेपणालाच प्रेम समजू नकोस, आणि चांगल्या मित्राला भिऊन दूरही लोटू नकोस. कोणी नकोसं बोललं, मागे लागलं, तर ‘नाही’ एकदाच आणि स्पष्ट सांग. तरी थांबला नाही तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. प्रत्येक कॉलेजात ती असते. सीनिअरांच्या नावाखाली कोणी छळ केला तर तेही सोसायचं नाही. प्रवेश घेताना तू आणि दादानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून दिलंय ते उगीच नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी कायदा आहे. बारावीपर्यंत तुझे सर दादाला नावानं ओळखायचे, इथं प्राध्यापकांना तू आपणहून ओळख द्यायची आहेस. लेक्चरनंतर डिपार्टमेंटला जाऊन एक तरी शंका विचार. पुढे गरज पडली तर दार ठोठावायला एक माणूस होतं.

जुन्या मैत्रिणींना सोडू नकोस, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या पाचजणींतली एक नर्सिंगला गेली, एक पोलिस भरतीची तयारी करतेय, आणि एकीचं लग्न झालं. त्यांना रोज पुण्याचे फोटो पाठवण्यापेक्षा त्यांचं काय चाललंय ते विचार. दिवाळीत गेलीस की लग्न झालेलीच्या सासरी मुद्दाम जा. तिच्या घरी बाहेरच्या जगातलं कोणी येणं याला आता फार मोल आहे. तिच्यापुढे कॉलेजच्या गमती सांगताना बेतानं सांग. तिला शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला मदत कर. घरी राहून पदवी घेता येते.

आणि जाण्याआधी वहिनीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, वहीत रेक्टर मॅडमचा नंबर लिहून दे. रूममेटचा आणि बॅचमधल्या एकीचा नंबर पहिल्या आठवड्यात कळव, त्यांना विचारून. आजवर वहिनीला तुझ्या प्रत्येक मैत्रिणीचं घर माहीत होतं. एसटी चुकली तर कोणाकडे विचारायचं हे तिला ठाऊक असायचं. आता तिला त्या शहरातलं एकही दार माहीत नाही. ‘झाल्या का मैत्रिणी?’ असं ती फोनवर विचारेल तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणू नकोस. त्यांची नावं सांग, गाव सांग, घरी कोण कोण असतं ते सांग, आणि पहिल्या जोडून येणाऱ्या सुट्टीला एकीला घरी घेऊन ये.