नोकरी बदलली, तरी वर्ष एकच

२०२५-२६ या आर्थिक वर्षात एप्रिल ते सप्टेंबर मी एका कंपनीत दरमहा सव्वा लाखावर होतो. ऑक्टोबरपासून दुसरीकडे दीड लाखावर रुजू झालो. जुनी कंपनी टीडीएसचे महिन्याला ८,१२५ रुपये कापायची. नवीच्या सॅलरी स्लिपवर त्या रकान्यात शून्य. रिटर्नच्या वेळी सीएंनी दोन्ही फॉर्म १६ शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं, अजून ७२,१५० रुपये भरायचे आहेत, व्याज वेगळं.

काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "पगार वाढला, स्लॅब चढला, वाढ सगळी सरकारने नेली." ही समजूत घरोघरी आहे. तिच्यापायी चांगली बढती नको म्हणणारी माणसं मला माहीत आहेत, म्हणून आधी तीच खोडतो.

वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. विजेच्या बिलासारखंच: दीडशे युनिट जाळले तरी पहिल्या शंभराला स्वस्तच दर. माझं एकूण उत्पन्न साडेसोळा लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले १५,७५,०००. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, ४०,०००. उरलेल्या पावणेचार लाखांवर १५ टक्के, ५६,२५०. बेरीज १,१६,२५०; ४ टक्के सेस धरून १,२०,९००. सगळ्याच रकमेला १५ टक्के लागले असते, तर सेसआधीच २,३६,२५० झाले असते.

१२ लाखांची सीमा मात्र खरोखर नाजूक आहे. तिथपर्यंत रिबेटमुळे पगारावरचा कर शून्य होतो; १२,१०,००० झाले, तर स्लॅबच्या हिशेबाने ६१,५०० निघतात. पण कायद्यात सीमांत सवलत आहे, त्यामुळे वरच्या दहा हजारांइतकाच कर आणि त्यावर सेस द्यावा लागतो. सेसची छोटी रक्कम सोडली, तर तिथेही नुकसान व्हायला नको, एवढी काळजी घेतलेली आहे.

मग माझं घोडं कुठे अडलं? नव्या कंपनीच्या लेखी माझं वर्षाचं उत्पन्न फक्त नऊ लाख होतं. तिने वजावट पुन्हा दिली, करमुक्त टप्पा पुन्हा दिला, रिबेटही लावला आणि कर शून्य काढला. आधीची नोकरी तिच्या हिशेबात नव्हतीच. प्राप्तिकर खातं मात्र पॅनवर चालतं: माणूस एक, वर्ष एक, तर खालचे स्वस्त टप्पेही एकदाच.

मधेच नोकरी बदलणाऱ्यांनी म्हणून रुजू होतानाच जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला लेखी द्यावा. त्यासाठी ठरावीक फॉर्म असतो, एचआरकडून मागून घ्यावा. फॉर्म १६ ची वाट पाहू नये, तो वर्ष संपल्यावर येतो. शेवटची सॅलरी स्लिप आणि फायनल सेटलमेंटचा कागद पुरतो. माझ्या बाबतीत हे ऑक्टोबरात झालं असतं, तर महिन्याला साधारण १२,०२५ कापले गेले असते. कर तेवढाच, पण एकदम बोजा नाही आणि व्याजही नाही.

नवी कंपनी ऐकत नसेल किंवा वर्ष सरत आलं असेल, तर फरक स्वतः मोजून १५ मार्चच्या आत अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून ऑनलाइन भरून टाकावा. टीडीएस वजा जाता देणं दहा हजार किंवा जास्त असेल, तर तो भरणं पगारदारालाही बंधनकारक आहे.