काकांच्या गाडीतला दिवा

आमच्या काकांची पिकअप आहे. ते नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतात. एकदा रात्री शेतात कॅरेट भरून ठेवले, पण गाडीतला दिवा चालूच राहिला. पहाटे बघतो तर बॅटरी उतरलेली! शेजारी ऊस, बिबट्याचं भ्या. सगळ्यांनी गाडी ढकलली.

मग काकांनी १० वॅटचा बल्ब काढून ३ वॅटचे एलईडी पॅनेल लावले. ते पेटेना. मी म्हणालो, "काका, खराब निघालं." काकांनी वायरी उलट्या जोडल्या, अन् लख्ख उजेड पडला!

बल्बमधील तार तापून उजेड पडतो. बरीच वीज उष्णतेत वाया जाते. एलईडीत तार तापवावी लागत नाही, म्हणून वीज कमी लागते. पण तिच्यातून वीज एकाच दिशेने वाहते. म्हणून धन व ऋण टोके पाहून जोडावीत. आणि मित्रांनो, उतरताना दिवा बंद करावा!